मागची बैठक

१

होडीत पुढे बसणाऱ्याने मागे वळून बघायचं नसतं. एल्मा लाह्ती हे लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात शिकली होती, आणि तेही थंडगार पाण्याचे चार घोट पिऊन. नवऱ्याला काहीतरी गंमत सांगायची म्हणून ती बसल्या जागी गर्रकन वळली, आणि ती निमुळती, हलकी होडी कुशीवर झाली. रेनोने तिला वेणी धरून वर काढलं. काठावर आणून शेकोटीपुढे बसवलं आणि म्हणाला, "हे बघ मुरू, आजपासून आपली वाटणी ठरली. पुढचं तू बघ. मागचं मी बघतो."

मुरू म्हणजे पावाचा चुरा. त्यांच्या आजी-आजोबांनी फिनलंडहून येताना आणलेल्या बोलीतला तो लाडाचा शब्द. चारचौघांत तो तिला एल्मा म्हणायचा. मुरू फक्त दोघंच असताना.

ती वाटणी साऱ्या संसारात टिकली. मिनेसोटाच्या उत्तरेकडच्या तळ्यांवरचं बर्फ फुटलं, की दरवर्षी जूनमध्ये दोघं मासे धरायला जंगलात जात. पुढे एल्मा, मागे रेनो. पुढचा नुसता वल्हवतो. होडी वळवायची, थांबवायची, खडकांतून काढायची, ते सगळं मागच्याच्या हातात. एल्माला मागे बघायची गरजही पडली नाही, कारण तिच्या पाठीला जणू कान फुटले होते. लोखंडाच्या खाणीत रेनोचं उजवं मनगट चेपलं होतं, ते पुरतं वळत नसे. त्यामुळे वल्ह्याचा प्रत्येक फटकारा संपताना दांडा होडीच्या कडेला लागायचा. पाणी कापल्याचा आवाज, मग ठक. पाणी, ठक. बायका नवऱ्याची पावलं ओळखतात. एल्मा ती ठक ओळखत होती.

गेली दोन वर्षं रेनो विसरत चालला होता. आधी नावं विसरला, मग वाटा, मग माणसं. आताशा तो तिला "बाई" म्हणायचा. "बाई, तुम्ही फार चांगल्या आहात हो," असं परक्या अदबीने. ती मोरीत जाऊन नळ सोडून रडायची.

२

मुलगी, कॅरल, डुलुथहून गाडी हाणत थेट धक्क्यावर आली. धक्का विन्सचा होता. विन्स होड्या भाड्याने द्यायचा.

"आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? बाबांना घरातला संडास सापडत नाही, आणि तू त्यांना तिकडे नेणार?"

"घरात नाही सापडत. तळ्यात सापडेल."

"काय सापडेल?"

"तो," एल्मा म्हणाली.

डॉक्टरांनीच सांगितलं होतं, की डोकं विसरलं तरी हात विसरत नाहीत. पियानो वाजवणारी म्हातारी पोराचं नाव विसरते, पण गाणं वाजवते. एल्माने त्या एका वाक्यावर सगळा हिवाळा काढला होता. एकदा, फक्त एकदा तिला तो परत भेटायला हवा होता. मग पुढे काय व्हायचं ते होवो.

विन्सने रेनोच्या पाठीत थाप मारली. "काय रे म्हाताऱ्या, यंदा तरी बायकोपेक्षा मोठा मासा धर. नाहीतर मिशी उतरव."

रेनो हसला. मग वाकून एल्माच्या कानात म्हणाला, "हा कोण आहे? चांगला माणूस दिसतो."

पण लाल पट्टा रंगवलेलं त्याचं जुनं वल्हं हातात दिलं, तेव्हा त्याची बोटं बरोबर जागच्या जागी बसली. एल्मा पुढच्या बैठकीवर बसली. मागून होडी ढकलल्याचा धक्का आला, वजन पडलं, आणि ठक.

"बघ," ती कॅरलला ओरडून म्हणाली, "बघ!"

३

बेटावर पोचेस्तोवर ठक चालू होती. मधे दोन तळ्यांना जोडणाऱ्या पायवाटा होत्या. तिथं होडी उलटी करून डोक्यावर घ्यायची आणि जंगलातून चालायचं. तेही रेनोने केलं, धापा टाकत, पण केलं. फक्त बोलला नाही. बेट लहान होतं, पाइनच्या झाडांचं आणि काळ्या खडकांचं. त्यांची मुक्कामाची जागा खडकांआडच्या खाडीत होती. तंबू ठोकला, रेनोला कोरडे बूट-मोजे घातले, दगडांची चूल मांडली.

सूर्य कलला तशी एल्मा म्हणाली, "चल, वॉलआय वर येतील आता."

वॉलआय हा मासा अंधुक उजेडाचा. त्याचे डोळे कवडीसारखे पांढरे असतात आणि संधिप्रकाशात आतून दिवा लावल्यासारखे चमकतात. दुसऱ्या माशांना दिसेनासं झालं, की याची शिकार सुरू होते.

ती पुढे बसली, आमिषाच्या जळवांचा डबा पायांत धरला आणि वाट बघू लागली. रेनो काठावर कुठेतरी घुटमळत होता. मग धक्का आला. वजन पडलं. होडी निघाली.

अरुंद पाण्यापर्यंत गेल्यावर तिच्या ध्यानात आलं, की काहीतरी कमी आहे. पाणी कापल्याचा आवाज येत होता, लांब, सफाईदार. त्याच्यानंतर काहीच येत नव्हतं.

ठक नव्हती.

'विश्रांती मिळाली मनगटाला,' ती स्वतःशी म्हणाली. 'किंवा धरायची रीत बदलली असेल.'

तेवढ्यात मागून आवाज आला. "डावीकडे सांभाळ. पाण्याखाली खडक आहे. कॅरल पोटात होती त्या साली तुझं वल्हं इथंच मोडलं होतं."

एल्माचं वल्हं हवेतच राहिलं. दोन वर्षांत तो एवढं लांब वाक्य बोलला नव्हता. आवाज रेनोचाच होता. घसा जरा ओला, पण त्याचाच.

"तुला... आठवतं?"

"मला सगळं आठवतं, एल्मा."

ती वळणारच होती.

"पुढे बघ," तो म्हणाला. "मागचं मी बघतो."

तिने गळ टाकला. डोळ्यांतल्या पाण्याने दोरी दिसेना. त्या संध्याकाळी मासे असे लागले, की गळ खाली जायची फुरसत नाही. एकेक वॉलआय वर यायचा, पांढऱ्या डोळ्यांनी तिच्या खांद्यावरून मागे बघायचा आणि एकदम तडफडणं थांबवायचा.

४

परत आल्यावर पुढच्याने आधी उतरायचं आणि होडीचं नाक वर ओढून धरायचं, ही रीत. एल्मा उतरली, होडी ओढली, मासे ओवलेली दोरी खुंटाला बांधून पाण्यात सोडली आणि वळली. रेनो चुलीपाशी उभा होता.

"किती चटकन उतरलास रे!" ती हसत म्हणाली. "आज तू मला काय दिलंस, तुला कल्पना नाही."

रेनोने तिच्याकडे पाहिलं. तो कुडकुडत होता. "बाई," तो म्हणाला, "कुठं गेला होता तुम्ही एवढा वेळ? मी हाका मारल्या."

एवढ्यात पुसलं गेलं? 'असंच असतं,' तिने मनाला समजावलं. 'पाण्यावर उजेड, जमिनीवर अंधार. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, हात विसरत नाहीत.'

तिने मासे साफ केले, पिठात घोळवून लोखंडी तव्यात तळले, बटाटे परतले. रेनो दोन्ही हातांनी खात होता, दिवसभर उपाशी असल्यासारखा. त्याचे बूट वाळत घालावेत म्हणून तिने त्याच्या पायांतून ओढून काढले. मागचा माणूस होडी ढकलून मग चढतो, त्याचे पाय भिजतातच. ते चुकत नाही.

बूट कोरडे होते. मोजेही.

एल्मा ते बूट हातात धरून थोडा वेळ बसली. मग तिने ते चुलीजवळ वाळत ठेवले. कोरडे बूट, वाळत.

५

सकाळी ती बास धरायला निघाली. बास म्हणजे उथळ पाण्यातला, खडकांच्या फटीत राहणारा भांडखोर मासा; गळाला लागला की पाण्याबाहेर उडी मारून शिव्या देतो, असं रेनो म्हणायचा. निघताना तिने रेनोला हाताला धरून होडीपाशी आणलं. तो थांबला.

"मी नाही येत."

"का रे?"

"जागा नाही." त्याने मागच्या बैठकीकडे बोट दाखवलं. "ते बसलेत ना तिथं."

होडी रिकामी होती. दोरीला हलकेच हिसके देत पाण्यावर डोलत होती. मागचा भाग जरा खाली बसल्यासारखा वाटला, पण तिथं तळाशी पाणी साचलं होतं. रात्री पाऊस नव्हता. दवाचं असेल. एवढं दव पडतं का? पडत असेल, तळ्यावर.

"कुणी नाही तिथं. चल, ढकल बरं," ती म्हणाली, आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. समोर बघत. ती मनाशी म्हणत होती, की त्याला चढायला आधार द्यायला हवा, वळून खात्री करायला हवी. पण आजवर कधी केली नव्हती. आणि तिला घाई झाली होती. त्या आवाजाची तिला तहान लागली होती, दारुड्याला लागते तशी.

धक्का. वजन. पाणी.

"मोठ्या सपाट खडकाच्या सावलीत टाक," मागून आवाज आला. "तिथला बास तुझ्यावर खार खाऊन आहे, गेल्या खेपेपासून."

ती खळखळून हसली. किती दिवसांनी! पहिल्याच फेकीला बास उडाला. मग ती विचारत सुटली आणि तो सांगत गेला. कॅरल जन्मली त्या दिवशीचं हिमवादळ, गाडी अडकली ती खिंड, दवाखान्यातल्या नर्सच्या नाकावरची चामखीळ. लग्नाच्या जेवणात तिच्या काकाने सांडलेली कॉफी. सगळं अचूक. सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, खोलीत ती एकटीच असताना गुणगुणलेलं गाणंही त्याला माहीत होतं.

"ते तुला कसं ठाऊक?"

"पाणी तिथंही होतं," तो म्हणाला.

मग तिने चाचपडत विचारलं, "आणि मला तू काय म्हणायचास? लाडाने?"

वल्हं पाण्यातून वर आलं. थेंब गळल्याचे आवाज ऐकू आले, सावकाश.

"एल्मा," तो म्हणाला.

तिने पुन्हा विचारलं नाही. माणूस एखादी गोष्ट विसरतो. आजारी आहे बिचारा.

६

नंतरचे दिवस ती पाण्यावरच असायची. पहाटे वॉलआय, उन्हं आल्यावर बास, संध्याकाळी पुन्हा वॉलआय. खाण्यापुरते ठेवून बाकीचे मासे सोडून द्यायची. मासे हे निमित्त होतं.

काठावरच्या रेनोचं तिला ओझं होऊ लागलं. तो दिवसेंदिवस खंगत होता. चिलटांनी त्याची मान फोडून काढली होती, आणि हाकलायचं त्याला सुचत नव्हतं. ती परतली की तो चुलीच्या राखेत हात घालून बसलेला असायचा.

"चूल का नाही पेटवलीस?" एकदा ती ओरडलीच. "आत्ता तर होडीत मला वाऱ्याचं सांगत होतास! इथं आलास की मुद्दाम करतोस का रे?"

रेनोने राखेतला हात काढला. "मी होडीत नव्हतो हो बाई," तो अगदी हळू म्हणाला. "मी इथंच असतो. तुम्ही जाता. तुम्ही कुणाशी तरी बोलत जाता."

"पुरे!"

"तो वल्हं आपटत नाही," रेनो म्हणाला. मग त्याने आपलं उजवं मनगट डाव्या हाताने धरलं आणि त्याच्याकडे बघत राहिला, जणू त्याला एवढं एकच काहीतरी पक्कं आठवत होतं.

एल्मा उठून पाण्याकडे गेली. तिला विचार करायचा नव्हता. विचार केला असता तर तिला एवढंच करावं लागलं असतं: एकदा, चढताना, वळून बघायचं. इतकं सोपं. पण वळलं, आणि मागे हाच दिसला, हा राखेचा, "बाई" म्हणणारा, तर? मग तो दुसरा कायमचा जाईल. आणि हा दिसला नाही, तर?

दोन्हींत तिचं नुकसान होतं. ती वळली नाही.

७

परतायच्या सकाळी तळं काचेसारखं होतं. तिने तंबू गुंडाळला, बोचकी होडीच्या मधे रचली. रेनोला सांगितलं, "ती कॉफीची किटली तेवढी घे आणि ये." तो मान डोलावून चुलीकडे गेला.

ती पुढे बसली. थांबली.

धक्का आला. वजन पडलं. होडी निघाली.

"वारा पाठीशी आहे," मागून आवाज आला. "जेवायच्या वेळेपर्यंत अर्धी वाट कापू."

"किटली घेतलीस ना?"

पाणी कापलं जात होतं, लांब, सफाईदार.

धक्क्याकडे जायचं तर बेटाच्या टोकाला वळसा घालून जावं लागतं. ते टोक उजव्या हाताला हळूहळू पुढे आलं. काळा खडक, वाकडं पाइन. आणि खडकावर रेनो उभा होता.

एल्मा आधी त्याला झाड समजली. मग झाडांमधली सावली समजली. मग तिच्याकडे दुसरं काही समजायला उरलं नाही. ढगळ चौकड्यांचा शर्ट, चिलटांनी फोडलेली मान, एका हातात कॉफीची किटली. दुसऱ्या हातात लाल पट्ट्याचं वल्हं.

तो तिच्याकडेच बघत होता. आणि त्याच्या तोंडावर ते परकेपण नव्हतं. कुणी झोपेतून उठून आपलंच घर ओळखावं, तसं ते तोंड होतं. त्याने वल्हं उचलून खडकावर आपटलं.

ठक.

"मुरू!" तो ओरडला. "मुरू, अगं मी राहिलो!"

तिच्या पाठीमागे वल्हं पाण्यात गेलं आणि होडी पुढे सरली.

एल्माने आपलं वल्हं उजवीकडे खुपसलं आणि जीव खाऊन ओढलं. पण पुढच्या माणसाच्या ओढण्याने होडी वळत नाही, मागच्याने मनात आणलं नाही तर. नाक तसूभर हललं आणि पुन्हा सरळ झालं. तिने पुन्हा ओढलं. पुन्हा सरळ झालं. मागच्याला काही जोर लावावा लागत नव्हता.

"पुढे बघ, एल्मा."

"तो तिथं आहे."

"तिथं कुणी नाही. तिथं जे होतं, ते तुला नकोच होतं." आवाज मऊ होता. "तूच धक्क्यावर म्हणालीस ना, की तळ्यात तो सापडेल? मी सापडलो. मी काही विसरणार नाही. तुझी आई गेली तेव्हा तू खिडकीपाशी बसून काय बोललीस, ते सांगू? रेनोच्या मनात तेव्हा काय आलं, ते सांगू? तो तुला कधी बोलला नाही."

"मुरू! थांब गं! मला पोहता येत नाही आता, हात उचलत नाही!"

एल्माच्या अंगात लाइफ जॅकेट होतं. पाणी जूनचं होतं, बर्फ नुकतंच विरघळलेलं, पण बेट लांब नव्हतं. उडी मारता आली असती. वळून वल्ह्याने घाव घालता आला असता. एल्माने वल्हं मांडीवर घेतलं आणि ती ऐकू लागली, कारण आवाज सांगू लागला होता. खिडकी, पाऊस, तिचा निळा स्वेटर, आणि खोलीच्या दारात उभ्या रेनोच्या मनात आलेलं ते वाक्य. फार सुंदर वाक्य होतं. ती आयुष्यभर ते ऐकायला थांबली होती.

खडक उजवीकडून मागे सरकला. आता रेनो बघायचा तर वळावं लागलं असतं.

ठक. ठक. ठक.

एल्माने वल्हं पाण्यात घातलं.

८

पायवाटांवर ती पुढे चालली, पाठीवर बोचकं घेऊन. मागून पावलं येत होती, पचपच करणारी. होडी डोक्यावर घेतली की माणसाचं तोंड तिच्या आत जातं, बाहेरून फक्त छातीखालचा भाग दिसतो. एका वळणावर रस्ताच मागे दुमडला, आणि खालच्या बाजूने येणारं ते तिला झाडांतून दिसलं. उलटी होडी, आणि तिच्या खाली दोन पाय. धापा टाकल्याचा आवाज नव्हता. कोरड्या वाटेवर अर्धा प्रहर चालूनही पायांतून पाणी गळतच होतं.

विन्स धक्क्यावर उभा होता. एल्मा उतरली आणि तिने त्याचा दंड धरला. "विन्स, बेटावर रेनो राहिलाय. आत्ताच्या आत्ता माणसं पाठव."

विन्सने तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"विन्स," मागून आवाज आला, "मिशी उतरवायची पाळी माझ्यावर नाही. माझा मासा वीत-दीड वीत मोठा होता तिच्यापेक्षा. आणि तुझ्या धक्क्याची तिसरी फळी सडली आहे, कुणाचा तरी पाय मोडेल."

"अरे देवा," विन्स म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. "एल्मा, अगं, हा तर... तू म्हणाली होतीस तसंच झालं."

"तो नाही तो! माझं ऐक. तो तिथं खडकावर उभा आहे, किटली घेऊन."

"ती फार दमली आहे," मागचा आवाज म्हणाला. "तिने एकटीने फार सोसलं."

विन्स तिच्याकडे अशा मायेने बघू लागला, जसं गेली दोन वर्षं लोक रेनोकडे बघत होते.

तरी तो भला माणूस. पाहुण्यांना घेऊन त्या बाजूला गेला तेव्हा बेटावर उतरून आला आणि परतल्यावर घरी भेटायला आला. "कुणी नाही गं तिथं. सगळं बेट पालथं घातलं. चूल पेटलेली होती तेवढी, कुणीतरी येऊन गेलं असेल. तुमची मासे ओवायची दोरी राहिली होती, तिच्यावरचा वॉलआय जिवंत होता, सोडून दिला. आणि हे घे, रेनो वल्हं विसरला होता." त्याने लाल पट्ट्याचं वल्हं भिंतीला टेकवलं. "जादाच्या वल्ह्याने आलात वाटतं."

तो गेल्यावर एल्मा अंगणात गेली. जादाचं वल्हं होडीच्या आत बांधलेलं होतं, जायच्या दिवशी रेनोने मारलेल्या वेड्यावाकड्या गाठींनी. एकही सुटली नव्हती.

९

कॅरल दर शनिवारी येते आणि हसते. डॉक्टरांनी त्याला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. तो गाडी चालवतो, शेजाऱ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवतो. लोक सांगतात, एल्मा, तुझ्यावर देवाची कृपा.

"आई," एकदा कॅरल हळूच म्हणाली, "तू बाबांकडे बघत का नाहीस गं कधी?"

एल्मा त्याचे हात बघते. उजवं मनगट सगळ्या बाजूंनी वळतं. त्याहून वर तिने अजून पाहिलेलं नाही. तो नेहमी तिच्या मागे असतो. ती भांडी घासते तेव्हा मागे, जिना चढते तेव्हा मागे. झोपताना ती भिंतीकडे तोंड करते.

हिवाळ्यात तळी गोठली. त्या दिवसांत ती काहीच करत नसे, नुसती खिडकीशी बसे. बेटावर लाकूड असतं, पण पेटवायचं त्याला दर वेळी सुचेलच असं नाही.

मग बर्फ फुटलं. विन्स धक्क्याची नवी फळी ठोकता ठोकता म्हणाला, की लवकर आलेले पाहुणे त्या बेटावर मुक्काम करायला तयार नाहीत. रात्रंदिवस खडकावर काहीतरी आपटल्याचा आवाज येतो म्हणे. सुतार पक्षी असेल.

त्या संध्याकाळी एल्मा मोरीपाशी उभी होती. उत्तरेची खिडकी अर्धी उघडी होती. तिने ओट्यावरची चहाची किटली उचलली आणि नळाच्या लोखंडी पाइपवर हळूच आपटली. ठक. थांबली. पुन्हा आपटली. ठक. फार लांब होतं, मधे सगळी तळी होती, काही ऐकू येणं शक्य नव्हतं. तरी ती मान कलती करून थांबली.

फरशीवर पचपच पावलं आली आणि तिच्या पाठीशी थांबली.

"उद्या मासे धरायला जाऊ या," ती खिडकीकडे बघत म्हणाली. "बेटावर."

"बेटावर काय आहे?"

तिला एकदाच वळायचं होतं. तिने ओट्याची कड दोन्ही हातांनी धरली, श्वास घेतला, मान वळवायला सुरुवात केली. काचेत, अंधारत चाललेल्या झाडांवर, तिच्या खांद्याच्या मागे दोन पांढरे ठिपके उमटले, आतून दिवा लावल्यासारखे.

"पुढे बघ, एल्मा," तो मायेने म्हणाला.

आणि एल्मा पुढे बघू लागली.